ळ

फैजपूरहून केळीच्या टेम्पोत आले
दहा संगणक,
खाली वाळल्या पानांची गादी,
फण्यांना देतात तशी.
फीत कापली गेली. नारळ मात्र
दोनदा आपटूनही फुटला नाही.

वाचनालयाची खोली रिकामी केली,
पुस्तकं गेली खिचडीच्या तांदळाशेजारी.
दाराला जाळी, जाळीला कुलूप,
किल्ली बोंडे सरांच्या करदोड्याला.
वीज येते रात्री, पंपांसाठी.
शाळा भरते दिवसा.

मी एकवीस वर्षं इथं काय शिकवलं
कुणी विचारलंच तर सांगेन : ळ.
पोरं म्हणतात शाया, डोया, फया.
मी म्हणतो, जीभ मागे वळवा.
वळवा रे, वयवा नाही.
खडू झिजले, जिभा नाहीत.
एकदा एका बापानं विचारलं,
"केयी म्हनलं त भाव कमी भेटतो का, गुरुजी?"

परवा बुधवारी चुकून दिवसा वीज आली.
आठ चालू झाले, दोन नुसते गरम.
प्रत्येकानं आपलं नाव टाकायचं,
तसं परिपत्रकातच होतं.
तुळसा कोळी एका बोटानं
कळा हुडकत राहिली.
नावात एक, आडनावात एक,
तिला दोन ळ लागतात.
वरच्या रांगेत नाही, खालच्या रांगेत नाही.
मग वळून, आनंदानं, साऱ्या वर्गाला ऐकू जाईल असं :
"गुरुजी, याले बी ळ येत नही!"

वर्ग हसला. मीही हसलो, जरा उशिरा.
बोंडे सर म्हणाले, एल दाब, पुढं चल.
तिनं दाबला.

मी काही यंत्रावर डूख धरलेला नाही.
पोरांनी त्यात सातपुडा पाहिला,
"हा त आपल्या मांगचा डोंगर!" म्हणून नाचली.
मागची खिडकी आम्ही
संगणकांना धूळ नको म्हणून
खिळे ठोकून बंद केली आहे.

दोनला वीज गेली.
काळ्या काचेवरच्या धुळीत
तुळसानं बोटानं काढला ळ,
पोट जरा मोठं, शेपूट वाकडी,
पण ळच.
बोंडे सरांनी फडक्यानं पुसला.
काचा स्वच्छ ठेवा, असंही परिपत्रकात आहे.

मी त्यांचा हात धरायला हवा होता का?
कयत नाही.