मंजुरीच्या प्रतीक्षेत

गोलाईपासून पुढं, एमआयडीसीत,
डाळ मिलच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस.
खाली तूर भरडतात,
वर माझ्या की-बोर्डावर टरफलांची धूळ.
रोज आधी फुंकर, मग पासवर्ड.

नवा प्लॅटफॉर्म आलाय.
तीन मिल, दोन गोदामं, एक दुबईचं ऑफिस,
सगळ्यांची वेबसाइट आता एकाच दारातून.
हैदराबादची प्रसन्ना स्क्रीनवरून शिकवते,
दखनी हिंदीत, आकडे मात्र तेलुगूत पुटपुटत:
ये सांचा, ये पन्ना, ये पन्ने का रास्ता.
साचा मोडायचा नाही, साच्यात भरायचं.
मी म्हटलं, बाई, शेवया केल्यात जन्मभर,
साच्याचं मला नको सांगू.
तिला कळलं नाही. तरी हसली.

पहिलं काम सोपं दिलं: आजचे भाव.
चार धान्यं, चार आकडे, एक तारीख.
मी जपून टाइप केलं,
लग्नपत्रिकेत कुणाचं नाव घालावं तसं.
जतन केलं. मंजुरीला पाठवलं.
आणि पान जाऊन बसलं पिवळ्या पट्टीखाली:
मंजुरीच्या प्रतीक्षेत, मुनीर इनामदार.

मुनीरभाईंना जाऊन मोहरमला वर्ष झालं.

जुन्या वेबसाइटवरनं माणसं इकडं आणली
तेव्हा यादीतून तेही आले.
कोण आहे, कोण नाही, कुणी बघितलं नाही.
नावापुढं हिरवा ठिपका नाही,
हक्क मात्र शाबूत.

फाटकाजवळचा काळा फळा त्यांचाच.
दहा चाळीसला खडू आणि ओलं फडकं.
कालचा भाव पुसला की पुसला.
कुणी म्हणालं, "भाई, काल तर जास्त होता की ओ,"
तर ते फडकं दाखवायचे.

या प्लॅटफॉर्मला मात्र सगळं आठवतं.
इतिहास खोलो, प्रसन्ना म्हणाली.
खोलला.
तीन हजार एकशे बारा आवृत्त्या,
बारवेच्या पायऱ्यांसारख्या खाली खाली जाणाऱ्या,
प्रत्येक पायरीवर मुनीर, दहा चाळीस, दहा बेचाळीस,
आणि टिपेच्या रकान्यात,
जिथं कुणीच काही लिहीत नाही, तिथं:
हरभरा सुधारला.
उडीद जागेवर. गुडघा नाही.
लाइट गेली, आकडे मोबाइलवरून.
सत्यभामाबाईंच्या लेकीचे पेढे.
आज बदल नाही.
आज बदल नाही.

सत्यभामा म्हणजे मी.

"मॅडम, आवाज नई आरा क्या?"
आरा, म्हटलं.
मग तिनं सांगितलं ते सरळच होतं.
त्यांना निष्क्रिय करायचं.
मेलेला असा पर्याय तिथं नाही,
राजीनाम्याला निष्क्रिय, बदलीला निष्क्रिय,
यालाही तेच.
पण आधी त्यांची पानं कुणाच्या तरी नावावर करा,
बेवारस पान प्लॅटफॉर्म ठेवत नाही.
नवा मालक?
चौकोनात रेघ लुकलुकत राहिली.
मी 'डो' एवढंच लिहिलं,
डोईफोडे त्यानंच सुचवलं.

बटण दाबायच्या आधी पान एकदा बघितलं,
लोकांना दिसेल तसं.
तुर.
पहिलाच शब्द. ऱ्हस्व.
अकरा वर्षं यावरूनच परत पाठवायचे मला,
"बाई, तुरीची डाळ ऱ्हस्व, नुसती तूर दीर्घ,
किती दफा सांगू?"
सकाळपासून पान अडलं होतं
ते काही उगाच नाही.
प्रसन्नाला हे सांगितलं नाही.

उकार दुरुस्त केला.
टिपेच्या रकान्यातही तसंच लिहिलं: उकार दीर्घ केला.
बाराला पाच कमी.
खाली टेम्पोवाला ओरडत होता, "भाव निघाला का ओ?"
फळा अजून तिथंच आहे,
त्यावर कुणीतरी 'गाड्या लावू नयेत' लिहिलंय.
प्रकाशित करा, दाबलं.
खिडकीतून म्हटलं, निघाला, मोबाइलवर बघा.
म्हणाला, चार्जिंग नाही, तुम्हीच सांगा की.

सांगितला. चारही ओळी. ओरडून.