दुपारचं निळं

चढाला लागण्याआधी आर्गिरोने पिशवीतून चाकू काढला,
आखूड पात्याचा, मुठीला दोरा गुंडाळलेला.
मी वही काढली.
निघालो दोघी, आपापलं हत्यार घेऊन.

एप्रिल. क्रीटचा दक्षिण उतार.
पाऊल टाकायचं ते कुणाची तरी माफी मागूनच.
तांबडी ॲनिमोनी ओसरत आलेली, पाकळ्या सैल,
काटेरी झुडपांना अंगभर हळद,
आणि दगडांच्या बेचक्यात एक जांभळं धूड,
कुजक्या मांसाच्या वासाचं:
आपल्या सुरणाचा कुणी चुलतभाऊ
इतक्या लांब येऊन नांदतोय.
एका ऑर्किडने तर मधमाशीच पांघरलेली,
लव, पट्टे, सगळं.
मी गुडघ्यांवर. मोजतेय. सतरा झाली. अठरा.

आर्गिरो मोजत नाही.
तिच्या लेखी डोंगरावर दोनच जाती:
खायची, आणि न खायची.
ती वाकते, मुळाशी पातं फिरवते, माती झटकते,
रानभाजी पिशवीत कोंबते.
माझ्या ऑर्किडवरून तिचा काळा झगा
सरळ पुढे निघून जातो.

"हे काय?"
"शेळ्या तोंड लावत नाहीत."
"आणि हे?"
"ह्याने पोट दुखतं."
मी तेही टिपून घेते.

ऊन डोक्यावरून जरा कललं
तशी ती पायवाटेतच बसली.
समोर काही नाही. गवत. गवताच्या काड्या.
"बस," म्हणाली. "येतील."

आली.
कुठून, ते दिसलं नाही;
पापणी मिटून उघडेतो
बोटाच्या पेराएवढी निळी फुलं,
प्रत्येकाच्या गळ्याशी एक पांढरा ठिपका,
आधी तीन, मग उतारच्या उतार.

"घरात घड्याळ नव्हतं.
आई सांगायची, निळं उघडलं की नीघ,
बापाची भाकर घेऊन."
"आणि ढग आले तर?"
"तर बाप उपाशी."
हसली ती. मग बराच वेळ हसली नाही.

"हे खायचं की न खायचं?" मी विचारलं.
पहिल्यांदाच तिला उत्तर द्यायला वेळ लागला.
"खाली कांदा असतो, सुपारीएवढा. गोड.
दुष्काळाच्या साली आईने उकरून खाल्ला होता.
पुढच्या वसंतात
ह्या अंगाला वेळच कळेना."

चाकू झग्याला पुसून तिने पिशवीत ठेवला.
वहीत मी एकोणीस लिहिलं.
मनगटावर दोन वाजून दहा झाले होते.
तिने विचारलं नाही.