आणखी एक

सहा वर्षं अम्सालेनं एका अक्षराचा पाठलाग केला.
गोंदरच्या बोकडाच्या कातड्यावरून
हँबुर्गच्या तळघरातल्या काचेखाली,
तिथून एका मठाच्या धान्यकोठीत,
जिथं पोथीची शेवटची तीन पानं
उंदरांनी वाचून संपवली होती.

अकरा हस्तलिखितं. कुठली कुठलीवरून उतरली
तो वंशवृक्ष तिनं भिंतीवर काढला, पेन्सिलीनं.
घरमालकीण म्हणाली, हे कुणाचं खानदान?
अम्साले म्हणाली, चुकांचं.

दहा पोथ्यांत तो नावेत बसून लोकांशी बोलतो.
अकरावीत धुळीत बसतो.
गेएझमध्ये हमर म्हणजे नाव, हमद म्हणजे धूळ.
शेवटचं एक अक्षर.
दिव्यातलं तेल संपत आलं असेल,
किंवा लेखनिकाला आली असेल जांभई.
आमच्याकडे ध चा मा झाला तेव्हा माणूस मेला.
तिथं झाला तेव्हा देव
नावेतून उतरून जमिनीवर टेकला,
इतकंच.

पण नेमकी अकरावीच पोथी
ताना सरोवरावरच्या टेकडीवर शिकवली जाते.
बसचा शेवटचा थांबा, पुढे चार तास चढण.
पोरं मेंढीचं कातडं पांघरून
मरियेच्या नावानं दारोदार इंजेराचे तुकडे मागतात.
कुत्र्यांसाठी हातात काठी,
तोंडात कालचा धडा.

यनेता सिनोडा आंधळे. पोथी त्यांना पाठ,
डागांसकट: इथं मेण सांडलंय, म्हणतात, जपून.

तो धुळीत बसला. का?
कारण ऐकणारे धुळीत बसले होते.
अन्देम, म्हणजे आणखी एक:
आदम त्याच मातीचा;
लेकराच्या घरी आलेला बाप पाट मागत नाही.
अन्देम: उठून जायची घाई असते
तो कपडे जपतो.
अन्देम: पेरणाऱ्याला वाकावंच लागतं.
असे सात अर्थ,
एकेक कुठल्याशा मेलेल्या गुरूचा,
आणि एकही खोडलेला नाही.

अम्सालेनं मग सांगितलं.
बसमध्ये घोकून ठेवलं होतं तसं नाही, अडखळत.
दिवा, जांभई, दहा विरुद्ध एक.
बिरारा नावाचा पोरगा चघळायचा थांबला.
मागं कुणीतरी खोकलं, ते हसूही असेल.

यनेतांनी विचारलं,
त्या लेखनिकाचं नाव सापडलं का?
नाही, यनेता.
वाईट झालं.
इतकी वर्षं त्याच्या जांभईवर जेवतोय आम्ही.

मग बराच वेळ ते बोटांनी जमीन चाचपत राहिले,
काहीतरी पडल्यासारखी.
आणि त्याच चालीत, त्याच आवाजात:
अन्देम: तो नावेतच बसला होता.
अदिसहून एक बाई चढून आली, तिनं सांगितलं.
पोरांनी तीनदा म्हटलं, पक्कं बसावं म्हणून.
सातानंतर आठवा.
खोडलं काहीच नाही.

तिचा प्रबंध पिशवीतच राहिला,
दोनशे बारा तळटीपांसकट.
टेकडी उतरताना तिला राग आला होता,
खरंच आला होता:
चूक ती चूक. तिला पंगतीत कसं बसवता?
आणि बाई म्हणजे काय, नाव नाही का मला?

अर्ध्या वाटेत मागून पावलं.
बिरारा, धापा टाकत, काठीसकट.
पण बाई, नावेत का?
पाण्यावर का बसला तो? जमीन होती की.

तिच्याकडे अक्षराचं उत्तर होतं.
अकरा पोथ्यांचं होतं. उंदरांचंसुद्धा होतं.
खाली बसचा हॉर्न वाजला, एकदा, मग लांबवर दुसऱ्यांदा.
ती दगडावर बसली, बूट काढून खडा झटकला,
आणि म्हणाली,
कारण