कार्ड घातलेलं नाही

बंदीचा कागद फॅक्सने आला, भर दुपारी,
सुमिएच्या दुकानातून डबे यायच्या वेळेला.
इख्लाकभाईंनी तो दोनदा वाचला, मग माझ्या हातात दिला,
जणू मला त्याचा काही वेगळा अर्थ लागेल.
दूरच्या एका बेटाने उद्यापासून
परदेशी गाड्या घेणं थांबवलं होतं.
तीन ओळी, सही, आणि शिक्का
जरा तिरका पडलेला.

यार्डात तेव्हा तीनशे चाळीस गाड्या होत्या,
समुद्राकडे तोंड करून.
मी त्या जहाजावर चढवायचे. एकवीस वर्षं.
दोन गाड्यांत मूठभर जागा सोडायची
आणि दारातून अंग चोरून बाहेर यायचं,
एवढंच माझं कसब.
आता जहाज येत नाही, म्हणून नवं काम:
दर सोमवारी एकेक गाडी सुरू करायची,
दहा मिनिटं धडधडू द्यायची, बंद करायची.
नाहीतर बॅटरी मरते.
कुठेच न जाणाऱ्या गाड्या जित्या ठेवायचा पगार मिळतो मला,
पूर्वीच्या अर्ध्याहून थोडा जास्त.

मोठा हिशेब मोठ्यांना कळतो. मला दिसतं ते असं:
लिलावात जुन्या गाडीचा भाव पडला,
म्हणून शेजारचे कुवाबारा आपली निळी गाडी विकेनात,
विकेनात म्हणून नवी घेईनात,
आणि डोंगरापलीकडे सीटचं कापड विणणाऱ्या गिरणीत
माझ्या बहिणीची रात्रपाळी गेली.
आता तिला रात्री झोप येत नाही.
म्हणते, त्या बेटाचं मी कधी नावही ऐकलं नव्हतं.
म्हटलं, त्यांनी तरी तुझं कुठे ऐकलंय.

पेपरात आलं: निर्यातीत घट, शून्य दशांश चार टक्के.
मी बराच वेळ त्या टिंबाकडे बघत राहिले.
आम्ही सगळे त्या टिंबाच्या उजवीकडे राहतो.

सुमिएचे चाळीस डबे होते, नऊ झाले.
त्या नवांत ती खारवलेला मुळा जरा जास्तच घालते.
का, ते कुणी विचारलं नाही.

रागवायचं तरी कुणावर?
बेटावरून सेनेविरत्नेंचा फोन येतो.
पांढऱ्या व्हॅनचे पैसे त्यांनी आधीच भरलेत,
चौदा पोरं शाळेत न्यायची आहेत.
विचारलं, तुमचं सरकार असं का करतं हो?
म्हणाले, बाई, तिजोरीत डॉलर उरलेत मोजके,
त्यात गाडी घ्यायची की इन्सुलिन?
त्यांच्या बायकोला रोज दोन सुया लागतात.
फोन ठेवला. इख्लाकभाई उर्दूत काहीतरी पुटपुटले,
मग माझ्या भाषेत म्हणाले,
भांडण असतं तर सोपं होतं.

या सोमवारी बर्फ पडला.
फावड्याने दारं मोकळी करत गेले.
किल्ली फिरवली की प्रत्येक गाडीत ती बाई बोलते,
गोड, कोरड्या आवाजात:
कार्ड घातलेलं नाही.
टोलचं कार्ड. जुन्या मालकाने काढून नेलेलं.
सेनेविरत्नेंच्या गावाजवळ टोलनाकाच नाही,
तरी तिथल्या गाड्यांतून ती हेच सांगत फिरते म्हणे.
पोरांना वाक्य तोंडपाठ आहे, अर्थ ठाऊक नाही.
सेनेविरत्नेंना वाटतं, आमच्याकडे नमस्कार असाच करतात.
प्रत्येक फोनची सुरुवात ते त्यानेच करतात,
आणि मी आजवर त्यांना सुधारलेलं नाही.

ओळीत एकोणिसावी, ती पांढरी व्हॅन.
तिला मी दहाऐवजी पंधरा मिनिटं देते.
पेट्रोल जळतं. इख्लाकभाई खिडकीतून बघतात, बोलत नाहीत.
मागच्या सीटवर कुणा पोराने चिकटवलेलं बेडूक आहे,
ते मी काढलेलं नाही, तिकडच्या पोरांना होईल.

व्हॅन म्हणते, कार्ड घातलेलं नाही.
मी म्हणते, नमस्कार.