जादाचं खोकं

गेल्या वर्षी पुण्यात आम्ही हरलो
ते बारा रुपयांच्या फ्यूजपायी.
पंचांनी तीन मिनिटं दिली होती.
ती आम्ही एकमेकांचे खिसे तपासण्यात घालवली,
आणि रोबो मैदानाच्या मधोमध उभा,
पाहुण्यांसमोर पाढा विसरलेल्या पोरासारखा.

म्हणून यंदा वही माझ्याकडं आली.
"सन्मती, जादाच्या मालाचं तू बघ,"
धैर्यशील म्हणाला,
जेवण झाल्यावर भांडी कुणी घासायची ते ठरवावं तसं.

मला वाटलं, सोपं आहे. सगळ्याचे दोन.
बेरीज केली तर वहीत दुसरा रोबोच उभा राहिला,
आणि हातात शिल्लक चार हजार सहाशे,
त्यातले सहाशे अजून प्रज्योतकडून यायचे.

मग उद्यमनगरात गेले, आण्णांच्या दुकानात.
वार्निशचा वास. भट्टीत कुणाच्या तरी विहिरीचा पंप.
आण्णा तांब्याचे फेरे मोजत होते.
मोजताना ते बोलत नाहीत. मी स्टुलावर बसून राहिले.
दोनशे चाळीसला मान वर केली.
"जळायच्या आधी वस्तू गरम हुती," म्हणाले,
"धा मिनिटं पळवा तुमचं ते यंत्र, बंद करा,
आणि एकेकाला बोट लाव.
चटका बसंल त्याचे दोन घे,
कोमट लागंल त्याचा एक.
गार असंल त्याला नमस्कार कर."

त्या रात्री वर्कशॉपात
मी बोटांनी यादी केली.
डाव्या चाकाचा ड्रायव्हर: बोट झटकन मागं.
उजव्याचा नुसता कोमट.
असं का, कुणालाच सांगता येईना.
शेवटी कळलं, डावं चाक पट्टीला घासत होतं.
धैर्यशीलनं कानस मारली,
साडेआठशे रुपये खाली भुगा होऊन पडले,
आणि यादीतला एक ड्रायव्हर मी खोडला.

पण जे वाकतं ते गार असूनही तुटतं,
हे बोटाला कळत नाही.
हाताच्या कोपरातली वायर
वरून धडधाकट, आतून निम्मी मोडलेली.
तिच्या चार जोड्या, आधीच टोकं सोलून, डाग देऊन.
लिमिट स्विच सहा, कारण मार तेच खातात.
फ्यूज वीस.
"वीस?" प्रज्योतनं विचारलं.
मी "पुणे" एवढंच म्हणाले.
मुख्य बोर्ड एकच. दुसऱ्याला पैसे नाहीत.
त्याच्यापुढं लिहिलं: मांडीवर.

शेवटची ओळ लिहायला तीन दिवस लागले.
शमशाद: एक.
सगळी वायरिंग तिच्या हातची.
कुठली पिवळी कुठं जाते ते तिलाच ठाऊक,
कारण लाल संपली तेव्हा तिनं पिवळी लावली होती.
मागं तिला ताप आला
तर चार दिवस रोबोही झोपून होता.
यादी तिला दाखवताना मी चप्पल घालूनच उभी होते.
ती वाचत राहिली. मग हसली.
पक्कड घेतली, सगळ्या जोडण्या उपसल्या,
तो गुंता माझ्यासमोर टाकला
आणि म्हणाली, "लाव."

रंकाळ्यावरच्या भेळेच्या गाड्या बंद होऊन गेल्या असतील,
आम्ही अजून वर्कशॉपातच.
तिसऱ्यांदा चाकं फिरली, उलटी, पण फिरली.
त्याआधी एकदा ठिणगी.
फ्यूज एकोणीस.

निघायच्या रात्री स्टँडवर
आण्णा स्कूटरवरनं खोकं घेऊन आले.
मी त्याला कुलूप आणलं होतं, नवं, पितळी.
आण्णांनी ते हातात फिरवून बघितलं.
"ह्याच्या चाव्या किती?"
एकच होती.
दुसरी दुकानदारानं दिलीच नव्हती,
आणि मी, यादीवाली, मागितली नव्हती.

त्यांनी कुलूप खिशात टाकलं,
डिकीतून वाइंडिंगची तार काढली,
कडीला तीन फेरे देऊन पिळली.
"पकडीनं तोडा."
मग शमशादकडं बघून,
"पकडी किती हाईत?"