डावीकडचा आकडा

पिंपळगाव बसवंत, रात्रीचे सव्वादोन.
कंटेनर गुरगुरतोय,
आणि शीटवर द्राक्षांच्या एकशे दहा पेट्या कमी.

फॉर्म्युला तीनदा वाचला. बरोबर.
पेट्या पुन्हा मोजल्या. त्याही.

मग दिसलं:
रकान्यात सगळे आकडे उजव्या भिंतीला टेकलेले,
एकच डावीकडे,
परक्या पंगतीत बसल्यासारखा.

एकाच्या जागी बारका इंग्रजी एल.
नोंद गायधनीकाकांची.
त्यांच्या टाइपरायटरवर एकाचं बटणच नव्हतं,
एल दाबदाबून
तीस वर्षं पगारपत्रकं जुळली.

एल खोडला. बेरीज भरली.
काका काट्याशी पेंगत होते.
"जुळलं का रे?"
"जुळलं. माझंच चुकलं होतं."

हल्ली शीट बंद करण्याआधी
डावीकडे एकदा बघून घेतो.