साडेआठ मिलिमीटर

दांडा आधी सहावर थांबायचा,
म्हणजे सरळ माझ्या पोटाकडे तोंड करून.
मग पाचवर जायला लागला. दिवाळीनंतर चारवर.
आणि परवा चार वाजले तरी कडेनं तपकिरी धार,
निम्मी कपात, निम्मी ओट्यावर.
इतके दिवस मी काय करत होते?
अजून थोडं आवळत होते.

हेमांगी म्हणाली, कुकरची रिंग सैल झाली की
फ्रीजरमध्ये ठेवतो ना, तशी ठेव रात्रभर.
ठेवली असती, सलग निघाली असती तर.
दाभण खुपसलं तर तुकडे आले,
जुनाट सुपारीची खांडं, काळी, टणक,
आणि प्रत्येक खांडावर चाळणीच्या काठाचा वळ.

तुकडे करंड्यात भरून अंबडला गेले,
शुक्रवारीच, शनिवारी वसाहत बंद.
नेरकरांच्या टपरीत छाटणीनंतरची गर्दी,
ज्याच्या त्याच्या हातात फवारणीच्या पंपाचं काहीतरी.
दिंडोरीचा एक जण वाकून बघतो :
हे कशाचं?
कॉफीचं.
आमचं तीस किलोला चालतं. तुमचं?
नऊ.
मग टिकायला पाहिजे होतं, म्हणाला,
आणि मला उगाच ओशाळल्यासारखं झालं.

नेरकरांनी कागदावर तुकडे जुळवले,
फुटलेली बांगडी जुळवावी तसे,
व्हर्नियर लावला, चष्मा कपाळावर.
बाहेरून त्र्याहत्तर. आतून सत्तावन्न.
जाडी आता आठसुद्धा नाही, मूळची साडेआठ असणार.
झिजलं नाहीये हे ताई.
दाबलं, दाबलं, आणि मग दबलेलंच राहिलं.
रबरानं परत वर यायचं असतं,
तेवढंच काम असतं त्याला.

चाळीसला एक. मी दोन घेतल्या.
आणि हाताचा जोर कमी करा, मागून ओरडले,
नवीन आहे, हलक्यानं ऐकेल.

खाचेतून टूथब्रशनं चार वर्षांचा चोथा काढला.
उतरती कड वर का खाली,
हे एकदा चुकले, मग कळलं.
दांडा सातवरच अडला.
हात मात्र सवयीनं चारकडे निघालेला,
त्याला मनगटाशी धरून थांबवावं लागलं.

नऊचा काटा. एक धार, मध्यातून,
उंदराच्या शेपटीएवढी.
बाकी सगळं कोरडं.

सुबोध आत आला, नेहमीसारखा,
खांद्यावर ओट्याचं फडकं.
चार महिने रोज सकाळी हा येतो, पुसतो, जातो,
मी कधी म्हटलं नाही, त्यानं कधी विचारलं नाही.
आज यंत्राखाली बघितलं त्यानं.
कपाकडे बघितलं.
मग कोरड्याच ओट्यावरून
एकदा फडकं फिरवलं,
आणि ते हातात तसंच धरून
तो उभा राहिला.